विसावी जागा

"पालकांनी तिकडं बाकावर बसायचं," कॉलेज ऑफिसच्या खिडकीतले कोळेकर म्हणाले. "फक्त उमेदवारानं पुढं यायचं."

आई जागची हलली नाही. तिनं पिशवीतून एक अर्ज काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"मी उमेदवारच आहे," ती म्हणाली.

कोळेकरांनी अर्ज बघितला, आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आणि ही?"

"हीपण."

"मग पालक कोण?"

आईनं जरा विचार केला. "ते दुकानात आहेत," ती म्हणाली.

कोळेकरांइतकीच मीही चकित झाले होते. चार दिवसांपूर्वी आईनं एम.एस्सी. केमिस्ट्रीचे दोन अर्ज विकत आणले होते. मी खाडाखोड करीन म्हणून दुसरा जास्तीचा आणला असेल, असं मला वाटलं होतं.

हे त्र्याण्णव सालचं. आम्ही सांगलीत राहायचो. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि आमच्याच कॉलेजात एम.एस्सी.ची सोय होती. जागा वीस. आई चव्वेचाळीस वर्षांची होती. ती सत्तर साली बी.एस्सी. झाली होती हे आम्हांला सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे तिला शिवण येतं हे जसं ठाऊक होतं, तसं. शेजारची मुलं दहावीला आली की तिच्याकडं समीकरणं घेऊन यायची. ती भाकरी थापता थापता तोंडानं बॅलन्स करून द्यायची. यापलीकडं त्या पदवीचा घरात कधी विषय निघाला नव्हता.

कोळेकर उठून खिडकीशेजारच्या काचेच्या फलकापाशी आले. तिथं प्रवेशाच्या अटी लावल्या होत्या. त्यांनी त्या बोट ठेवून वरून खालपर्यंत वाचल्या. बी.एस्सी.ला केमिस्ट्री मुख्य विषय. किमान पन्नास टक्के. शिक्षणात खंड पडला असेल तर ॲफिडेव्हिट. नावात बदल असेल तर पुरावा. आधीच्या कॉलेजचा वर्तणुकीचा दाखला. मग त्यांनी सगळ्या अटी पुन्हा एकदा वाचल्या.

"वयाची अट नाहीये," आई म्हणाली. "मी बघितलंय."

"नाहीये खरी," कोळेकर म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं. "घालायची राहिली असणार."

घरी येताना मी आईला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं?" आई म्हणाली आणि भाजीवाल्यापाशी थांबली.

आम्ही जैन, त्यामुळं जेवणं दिवस मावळायच्या आत व्हायची. त्या संध्याकाळी अण्णा हात धुऊन पाटावर बसले तेव्हा आईनंच सांगितलं. अण्णांनी पहिला घास खाल्ला.

"दोघींनी? एकाच ठिकाणी?"

"हो."

"बरं," अण्णा म्हणाले. "आमटीत मीठ कमी आहे."

त्यांना वाटलं असणार की यातून काही व्हायचं नाही. मलाही तसंच वाटत होतं. तसं न वाटणारं घरात एकच माणूस होतं आणि ते मीठ आणायला उठलं होतं.

पुढचे काही दिवस आई अटी पुऱ्या करत हिंडली. तिच्या पदवीवर माहेरचं नाव होतं, राजमती आदगोंडा मगदूम. अर्जावर राजमती भूपाल बिरनाळे. या दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला तिनं लग्नपत्रिका शोधली. तीत वधूचं नाव 'चि. सौ. कां. राजाक्का' असं छापलेलं होतं. म्हणजे तिसरीच बाई निघाली. शेवटी वकिलाकडं जाऊन तिघींचं ॲफिडेव्हिट करावं लागलं.

वर्तणुकीच्या दाखल्यासाठी ती तिच्या जुन्या कॉलेजात गेली. तिला ओळखणारे प्राचार्य वारले होते. नव्या प्राचार्यांनी तिला चहा पाजला, इकडतिकडच्या गप्पा मारल्या आणि 'माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली आहे' असं लिहून दिलं. ते खरंच होतं. चहाभर ती चांगलीच वागली होती.

खंडाच्या ॲफिडेव्हिटसाठी मी तिच्याबरोबर गेले होते. कोर्टासमोरच्या टायपिस्टनं विचारलं, "बाई, तेवीस वर्षं काय केलंत ते थोडक्यात सांगा."

आई म्हणाली, "नमुना असेल की तुमच्याकडं. तोच मारा."

त्यानं नमुना मारला. या मुदतीत मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नाही, कोठेही नोकरी केलेली नाही आणि मला कोणत्याही न्यायालयाने शिक्षा दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ते वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊन गेले.

मग मूळ कागदपत्रं तपासायचा दिवस आला. तपासायला विभागप्रमुख सुतार सर स्वतः बसले होते. बुटके, कमी बोलणारे, बी.एस्सी.ला आम्हांला शिकवलेले. प्रत्येकाला ते पटपट मोकळं करत होते. माझेही कागद त्यांनी वरवर बघून परत दिले. माझ्यामागून आई बसली. सरांनी तिची पदवी हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं.

"अक्षर पुसट झालंय का?" आईनं विचारलं.

"नाही. स्पष्ट आहे." सर थांबले. "मधली वर्षं काय करत होतात?"

"ॲफिडेव्हिटमध्ये लिहिलंय."

सरांनी ॲफिडेव्हिट वाचलं. मग आईचे सगळे कागद नीट एकावर एक लावून दोन्ही हातांनी तिला परत दिले. दोन्ही हातांनी का, असं मला वाटून गेलं. पण सर जरा जुन्या वळणाचे आहेत, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

यादी लागली तेव्हा मी सायकल मारत गेले. फलकापाशी गर्दी होती. मी वरून वाचत खाली आले. माझं नाव नव्हतं. विसाव्या क्रमांकावर, सगळ्यांत शेवटी, बिरनाळे राजमती भूपाल. त्याखाली रेघ. रेघेखाली वेटिंग लिस्ट, आणि तिच्यात पहिलं नाव बिरनाळे स्वयंप्रभा भूपाल.

मधे फक्त रेघ होती.

माझ्या वर्गातला एकजण म्हणाला, "मग तुझं झालंच की. घरातलीच सीट आहे."

मलाही अगदी तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. आई नाव मागं घेणार, मी वर सरकणार, शनिवारी दुपारपर्यंत कोळेकरांकडं कागद द्यायचे, की झालं. आईचं नाव यादीत लागलं याचंही मला कौतुक वाटलं. आता तिला कळलं ना की मिळू शकतं, मग झालं तर, असं काहीसं. घरी जाऊन मी लॅबचा ॲप्रन धुवायला टाकला.

संध्याकाळी आक्का आल्या. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, राहणार जयसिंगपूर. त्या मोकळ्या हातानं कधी यायच्या नाहीत. त्या वेळी त्यांनी एक स्थळ आणलं होतं. मुलाची यंत्रमागाची शेड होती, घर दुमजली होतं, मुलगा एकुलता होता.

"पोरगी शिकत असंल तर लोक दोन वर्षं थांबत्यात," आक्का म्हणाल्या. "न्हाई तर काय म्हणून थांबायचं? ॲडमिशन झाली का?"

"यादी लागलीय," अण्णा म्हणाले आणि सगळं सांगितलं.

आक्का खळखळून हसल्या. "बघा की! आईनं पोरीची जागा धरून ठेवली म्हणायची. एस्टीत रुमाल टाकून ठेवत्यात तशी. मग राजाक्का, कधी काढतीस नाव?"

आई गूळ-शेंगदाणे घेऊन बाहेर आली होती. तिनं ताटली आक्कांसमोर ठेवली.

"घ्या," ती म्हणाली.

ती दुसरं काही बोलली नाही हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. आक्का गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले.

"आई, तू कोळेकरांकडं कधी जाणार? तू नाव काढलंस की लगेच मला पुढं व्हायला पाहिजे. मधे कुणी काही भानगड करायला नको."

"शनिवारी जाणार आहे," आई म्हणाली. "पण नाव काढायला नाही. पक्कं करायला."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. आई चेष्टा करताना आणि न करताना सारखीच दिसायची. मी थांबले. ती कट्टा पुसत राहिली.

"आणि मी?"

"तू वेटिंगला आहेस. कुणी सोडली तर तुला मिळेल."

"कोण सोडणार? तूच शेवटची आहेस!"

"शेवटच्यानंच सोडली पाहिजे असा नियम आहे का?"

मी ताडकन बाहेर आले. अण्णा हिशेबाच्या वहीत तोंड घालून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"अण्णा, तुम्ही काहीतरी बोला."

अण्णांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडं, मग स्वयंपाकघराकडं बघितलं. "ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली आहे," ते म्हणाले. "मी काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी मी निषेध म्हणून जेवण सोडलं. नेमकी चतुर्दशी होती. आमच्याकडं चतुर्दशीला उपास करतात, त्यामुळं माझा निषेध कुणाला कळलाच नाही. शेजारच्या काकूंनी तर 'एवढ्या लहान वयात' म्हणून माझं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं जेवले.

पण रागाचं काय? मुलीला जागा मिळावी म्हणून आया देवाला नवस बोलतात, आणि माझी आई माझ्याच जागेवर बसायला निघालेली. आता माझं काय होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. आक्का पुढच्या आठवड्यात पुन्हा येतील. यंत्रमागाची शेड बघायला जायचं ठरेल. आई हातात नवी वही घेऊन लेक्चरला जाईल आणि मी जयसिंगपुरात दुमजली घराचा जिना झाडीन. मैत्रिणींना हे सांगायचीसुद्धा सोय नव्हती. कारण ऐकणारी आधी हसायचीच.

शेवटी शुक्रवारी मी सुतार सरांकडं गेले. त्यांचं आई ऐकेल, असा माझा हिशेब होता. विभागप्रमुखांनी बोलावून दोन शब्द सांगितले, की बाई, या वयात कशाला, मुलीचा विचार करा, तर तिला नाही म्हणता येणार नाही.

सर लॅबमागच्या त्यांच्या लहानशा खोलीत बसले होते. मी सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं, त्याचा मला अजून राग येतो.

"नियमात आई आणि मुलगी असं काही नाही," मी संपवल्यावर ते म्हणाले. "मला फक्त गुण दिसतात. त्यांचे तुझ्यापेक्षा जास्त आहेत."

"ते बरोबर आहे सर. पण तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. तिला याचा काय उपयोग आहे? तिला नोकरी करायची नाही, काही नाही."

सरांनी टेबलावरची परीक्षानळी उचलली, उजेडाकडं धरून बघितली आणि परत ठेवली. ती रिकामी होती.

"मी एम.एस्सी. कोल्हापूरला केलं," ते म्हणाले. "सत्तर साली. माझं नाव यादीत नव्हतं. वेटिंगला पहिला होतो. आमच्या घरी सुतारकाम. मी शिकलो नसतो तर मला रंधाच मारायचा होता. आमच्या गावच्या गुरुजींना फार वाईट वाटलं. त्यांनी चौकशी केली, यादीत शेवटचं नाव कुणाचं आहे. ते एका मुलीचं निघालं. जवळच्याच गावची. वडील गुरुजींच्या ओळखीचे."

मी डोळे पुसायची थांबले.

"गुरुजी मला घेऊन त्यांच्या घरी गेले. आम्ही सोप्यात बसलो. गुरुजी मुलीच्या वडिलांशी बोलत होते. मुलगी काय, शिकली काय अन् न शिकली काय, उद्या लग्न होऊन जाणार. हा पोरगा घराचं नाव काढील. तुमच्या मुलीला पुढच्या वर्षी मिळेलच. मी खाली मान घालून बसलो होतो. मला दूध दिलं प्यायला. ते त्या मुलीनंच आणून दिलं. म्हणाली, साखर पुरे का? मी म्हटलं, पुरे. तेवढंच आमचं बोलणं झालं."



"आठवड्यानं मला कोल्हापूरहून पत्र आलं. जागा रिकामी झाली होती. मी काही विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. पुढच्या वर्षी तिला मिळाली का, हेसुद्धा कधी जाऊन बघितलं नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "राजमती आदगोंडा मगदूम. परवा ती पदवी माझ्या हातात आली."



"आता तू सांग," सर म्हणाले. "त्या बाईला मी दुसऱ्यांदा जाऊन सांगू?"

मी उठले. दारापर्यंत गेले आणि मागं वळून विचारलं, "तिनं तुम्हांला ओळखलंय?"

"माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही."

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या करत होती. बाहेर अजून ऊन होतं. मी चुलीशेजारी, म्हणजे आमच्या गॅसच्या कट्ट्याशेजारी, पिठाच्या डब्यावर जाऊन बसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी तिच्याजवळ बसले होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी उलटली.

"सुतार सरांना तू आधीपासून ओळखतेस?" मी विचारलं.

"वेटिंगला पहिला होता," आई म्हणाली. "तेव्हा चष्मा नव्हता."

"तुला माहीत होतं? कधीपासून?"

"तू बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा तुमच्या गॅदरिंगला मी आले होते की. त्यांनी भाषण केलं. आवाजावरनं ओळखलं. 'पुरे' म्हणतानासारखाच बोलतो, अजून."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? त्यानं थोडंच काही मागितलं होतं? तो तर मान खाली घालून बसला होता बिचारा. मोठी माणसं बोलत होती. बाबांनी मला आत येऊन विचारलं, काय करूया? म्हणजे ठरलेलंच होतं, पण विचारलं. मी म्हटलं, देऊया."

"का म्हणालीस?"

आईनं परातीत पाणी शिंपडलं. "मला वाटलं, पुढच्या वर्षी मिळेल. सगळेच म्हणत होते." तिनं पिठाचा गोळा मळायला घेतला. "पुढच्या वर्षी वैशाखात लग्न झालं. त्याच्या पुढच्या वर्षी तू झालीस."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आई भाकरी थापत होती. तिचा हात कधी थांबायचा नाही. बोलताना, रागात, कुणी वारल्याची बातमी आली तरी तो चालूच असायचा.

"सुतारानं चांगलंच केलं," ती म्हणाली. "नाही असं नाही. पीएच.डी. झाला, एवढी मुलं शिकवली. जागा वाया गेली नाही. तुला दिली तर तूही चांगलंच करशील, ते मला माहीत आहे. म्हणूनच तुला सांगून टाकलं तरी रोज रात्री विचार करत बसते. सोडली तर तुझं चांगलं होणार, मग का सोडू नये? पण तेव्हाही सगळं असंच बरोबर होतं गं. त्यात चूक कुठंच नव्हती. फक्त माझं राहिलं."

मी पिठाच्या डब्यावर बोटानं रेघा मारत बसले.

"आणि माझं?" मी विचारलं. "आक्का पुढच्या आठवड्यात येणार आहेत."

"येऊ देत की."

"सगळे म्हणतील, पुढच्या वर्षी मिळेलच. तुलाही असंच म्हणाले होते."

"म्हणाले होते," आई म्हणाली. "पण माझ्या घरात तेव्हा मी नव्हते. तुझ्या घरात मी आहे." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "वर्षभर तुझ्या लग्नाचा शब्द या घरात निघणार नाही. हे मी तुला सांगते, आणि तुझ्या अण्णांना सांगून झालंय."

मला तेव्हा लगेच सगळं पटलं, मी तिच्या गळ्यात पडले, असं काही झालं नाही. राग होताच. फक्त तो आता कुणावर धरायचा हे कळेना. मी ताटं घेतली.

शनिवारी आईबरोबर मीही गेले. का गेले ते सांगता येणार नाही. घरी बसवेना एवढंच. कोळेकरांनी आम्हांला लांबूनच बघितलं आणि टेबलावरचा एक कागद पुढं ओढून ठेवला. प्रवेश रद्द करायचा अर्ज होता. आईचं नाव, क्रमांक, सगळं त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं. सहीची तेवढी जागा मोकळी.

"बाईंना त्रास नको म्हणून भरून ठेवला," ते म्हणाले. "इथं सही करा. लगेच मुलीचं करून टाकू."

"मला पक्का करायचाय," आई म्हणाली.

कोळेकरांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलावं, अशी त्यांची अपेक्षा होती. रांगेतली मागची मुलंही बघत होती. मी कोळेकरांच्या समोरचा तो भरलेला अर्ज उचलला.

"हा नको आम्हांला," मी म्हणाले. "दुसरा द्या."

"पण मग तुझं..."

"मी थांबते."

एवढं बोलले खरी, पण घरी येईपर्यंत आईच्या चार पावलं पुढं चालत होते. तिनंही मला गाठायचा प्रयत्न केला नाही.

आक्का ठरल्याप्रमाणे आल्या. आईनं त्यांना गूळ-शेंगदाणे दिले आणि सांगितलं की स्थळ चांगलं आहे, पण मुलगी वेटिंगवर आहे.

"वेटिंगवर म्हंजे?"

"म्हणजे थांबलीय," आई म्हणाली.

"आन् तू?"

"मी सोमवारपासून कॉलेजला जातेय."

आक्का भावाकडं वळल्या. अण्णा म्हणाले, "दुपारचा डबा आता मीच नेतो बरोबर. सोपं पडतं." आक्कांनी शेंगदाणे तसेच ठेवले आणि सहा महिने आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. पण पुढं यंत्रमागवाल्या मुलाचं लग्न त्यांनीच दुसऱ्या एका मुलीशी जमवलं, आणि त्याला आम्ही तिघंही जेवायला गेलो.

ते वर्ष मी माधवनगरच्या एका छोट्या कारखान्यात पाण्याचे नमुने तपासत काढलं. सकाळी आई आणि मी एकाच वेळी घरातून बाहेर पडायचो. ती डावीकडं जायची, मी उजवीकडं. पहिले काही महिने मी तिला कॉलेजचं काही विचारलं नाही, आणि तीही आपणहून सांगायची नाही. एकदा संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते. ती भाकऱ्या थापायला बसली आणि ते डाग सारखे समोर नाचत होते. मी म्हणाले, "हातमोजे देत नाहीत काय गं तुम्हांला?" ती म्हणाली, "माझ्या मापाचे संपले." मला हसू आलं. तिलाही आलं. त्यानंतर मग आम्ही बोलायला लागलो.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. त्या वर्षीचा बी.एस्सी.चा निकाल एकूणच कमी लागला होता. तेवढ्याच गुणांत माझं नाव यादीत अकरावं आलं. माझ्या खंडाच्या ॲफिडेव्हिटवर एकच वर्ष होतं. टायपिस्टनं ओळखलं आणि म्हणाला, "तुमच्या घराण्यात कमी होत चाललंय हे."

अशा रीतीनं मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेले, आणि माझी आई मला सीनियर होती.

पहिल्या दिवशी लॅबच्या दारातच तिनं मला बाजूला घेतलं. अंगात पांढरा ॲप्रन, त्याच्या आत इरकल, हातात ब्युरेट.

"इथं मला आई म्हणायचं नाही," ती म्हणाली. "मुलं हसतात."

"मग काय म्हणू?"

"सगळे काकू म्हणतात."

"बरं, काकू," मी म्हणाले.

मी तिचं मागच्या वर्षीचं जर्नल मागितलं. इतर सीनियर आपापली जर्नलं देत होते, तशी पद्धतच होती. आईनं दिलं नाही. "स्वतः कर," म्हणाली. सुतार सर पलीकडच्या टेबलापाशी कुणाचं तरी टायट्रेशन बघत उभे होते. त्यांनी मान वर केली नाही, पण ऐकलं असावं. त्या दोघांचं त्या जुन्या दुधाबद्दल दोन वर्षांत कधीच बोलणं झालं नाही. ती त्यांना सर म्हणायची, ते तिला बिरनाळे बाई म्हणायचे. शेवटच्या तोंडी परीक्षेत त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ तिला बसवलं, आणि तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. त्याचा तिला फार राग आला. किती तरी दिवस ती चिडून म्हणत होती, "एवढं विचारायची काय गरज होती त्यांना?"

मी म्हणाले, "सोडून द्यायला पाहिजे होतं का तुला?"



पण ती सगळी पुढची गोष्ट. त्या वर्षी मी दिवसभर तिला काकू म्हणायचे. लॅबमध्ये, लायब्ररीत, कॅन्टीनमध्ये, सगळीकडं काकू. जिभेला सवयच लागली. एकदा घरी जेवताना मी ताट पुढं केलं आणि चुकून म्हणाले, "काकू, भात."

अण्णांचा घास हातातच राहिला.

आईनं डाव भातात तसाच ठेवला आणि पातेलं माझ्याकडं सरकवलं.

"काकू वाढत नसतात," ती म्हणाली. "तुझा तू घे."